चुन्याचा शिंतोडा आणि लिंबातलं औषध

पावसाळा तोंडावर आला की जोयडा तालुक्यातल्या सुपारीच्या बागांमध्ये चुना भिजू लागतो. पावसात सुपारीच्या घोसांना कोळेरोग धरतो, कोवळी फळं कुजून गळतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हैसूर संस्थानातले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० साली या रोगावर सविस्तर लिहिलं आणि त्यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी सुचवली. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे प्रमाण आजही बागायतदारांच्या तोंडी असतं.

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, तापतो आणि त्याचे शिंतोडे उडतात. नीट जमलेलं मिश्रण मात्र तितकं जहाल राहत नाही. ते जमलं का हे पाहायला त्यात कोयत्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना लागतो. डोळ्यांना खरा धोका असतो तो मोरचुदात मिसळण्याआधीच्या चुन्याचा. त्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर जातो.

आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या थरामुळेच आम्लाची पुढची वाट काही अंशी अडते. चुन्यासारखा अल्कली पदार्थ पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचा साबण करत आत शिरतो. पारदर्शक पटल, त्यामागचं पाणी, बाहुलीचा पडदा, काहीच त्याला रोखत नाही. त्यातून चुन्याचे कण वरच्या पापणीखाली दडून बसतात आणि डोळा धुतल्यावरही भाजत राहतात. हा धोका बागेपुरताही नाही. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या मुलं खेळताना दाबतात, त्या फुटतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली ‘लॅन्सेट’मधून याबद्दल सावध केलं होतं.

अशा वेळी घरातला जाणता माणूस दूध, तूप, मध किंवा कसलासा पाला शोधायला धावतो. त्यामागे माया असते, पण त्यात वेळ जातो, आणि इथे एकेक मिनिट मोलाचं असतं. डोळा उघडा धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाणी ओतत राहणं, पापणी उलटून कण काढणं आणि मग कारवार, हुबळी किंवा बेळगावच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेणं, हाच क्रम. जोयड्याहून कारवारला जायचं तर अणशीचा घाट उतरावा लागतो, म्हणून पाण्याचं काम बागेतच पुरं व्हायला हवं. या पहिल्या अर्ध्या तासात झाडपाल्याला अजिबात जागा नाही.

त्यानंतर मात्र वनस्पतींचा भाग सुरू होतो, आणि तो मोठा रंजक आहे.

लिंबाचंच घ्या. चुन्यावर आंबट हा उतारा म्हणून कुणी डोळ्यात लिंबू पिळलं तर एका भाजण्यावर दुसरं भाजणं होईल. पण लिंबाच्या रसातून १७८४ साली कार्ल शीले यांनी वेगळं केलेलं सायट्रिक आम्ल जेव्हा सोडियम सायट्रेट होऊन, १० टक्क्यांच्या थेंबांच्या रूपात येतं, तेव्हा ते औषध असतं. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ रॉस्वेल फिस्टर यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत अल्कलीने भाजलेल्या सशांच्या डोळ्यांवर प्रयोग केले. भाजलेल्या डोळ्याकडे पांढऱ्या पेशींची झुंबड उडते आणि त्यांच्या विकरांनी पटल विरघळू लागतं. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे या पेशींचा मारा मंदावतो आणि पटलाला भोक पडण्याचं प्रमाण घटतं, असं त्यांना दिसलं.

त्यांचं दुसरं काम क जीवनसत्त्वावर होतं. निरोगी डोळ्यातल्या पाण्यात हे जीवनसत्त्व रक्ताच्या कितीतरी पट असतं. अल्कलीने ते तिथे पोचवणारी यंत्रणाच जळते. पटलाची वीण ज्या कोलॅजनची, ते बनवायला क जीवनसत्त्व लागतंच. ते आटलं की जखम भरण्याऐवजी पटल पातळ होत जातं. म्हणून डॉक्टर ते थेंबांतून आणि गोळ्यांतून देतात. आवळ्यात ते भरपूर असलं, तरी आवळ्याचा रस डोळ्यात घालायचा नसतो.

धोतऱ्याची गोष्टही अशीच. भाजलेल्या डोळ्याच्या आतल्या स्नायूला पेटके येतात आणि ठणका असह्य होतो. धोतऱ्यात आणि त्याच्या कुळातल्या बेलाडोनात सापडणारं अ‍ॅट्रोपीन तो स्नायू सैल करतं; त्याच्या किंवा त्याच्या भावंडांच्या थेंबांनी रुग्णाला आराम पडतो. पण धोतरा उपटताना हाताला लागलेला रस डोळ्याला लागला, तर बाहुली कित्येक दिवस विस्फारून राहते. रुईच्या चिकाने तर पटलाला सूज येऊन नजर धूसर होते, आणि दुखणं फारसं नसल्याने माणूस उशिरा डॉक्टरकडे जातो.

हळदीचं नाव निघाल्याशिवाय आपल्याकडे जखमेची चर्चा संपत नाही. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेने दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. ती लढाई वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढवली, तेव्हा तिचे प्रमुख होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्वचेवरच्या जखमेचं हे ज्ञान जुनं आणि आपलं आहे. डोळ्याच्या बाबतीत हळदीतलं कर्क्युमिन अजून प्रयोगशाळेत आहे. भाजलेल्या पटलावर नव्या रक्तवाहिन्या चढतात आणि नजर झाकोळते. कर्क्युमिन ही वाढ रोखतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. अडचण अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून संशोधक त्याला अतिसूक्ष्म कणांत बांधून पटलापर्यंत नेण्याच्या खटपटीत आहेत. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांशिवाय त्याला औषध म्हणता येणार नाही.

पटलाच्या कडेला असलेल्या मूळपेशीच जळून गेल्या असतील, तर कुठल्याही थेंबांचा उपयोग मर्यादित राहतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर सोपी शस्त्रक्रिया मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून भाजलेल्या डोळ्यावर वारेच्या आवरणावर पेरायचे, आणि तिथे नव्या पेशी उगवू द्यायच्या. दुसरा डोळा शाबूत असेल तर हे जमतं. दोन्ही डोळे भाजलेल्याला मात्र दुसऱ्याच्या पेशी घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून दीर्घकाळ औषधं घेत राहावं लागतं.