गजवाद्ये आणि वाद्यवृंद : महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापूरसारख्या शहरात 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमासाठी रूढ झाला आहे. अशा कार्यक्रमात की-बोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार, ढोलक ही वाद्ये असतात. व्हायोलिन क्वचितच आढळते. मूळ गीतातील व्हायोलिनसमूहाचा ध्वनी की-बोर्डच्या साहाय्याने निर्माण केला जातो. वास्तविक ज्या पाश्चात्त्य वाद्यवृंदावरून हा शब्द आला, त्यात निम्म्याहून अधिक वादक गजवाद्यांचे असतात. गजवाद्यांना वाद्यवृंदात हे स्थान का लाभले, मराठी संगीतव्यवहारात त्यांची भूमिका कोणती होती आणि ती क्षीण का झाली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गजवाद्यांचे कार्यतत्त्व :

घोड्याच्या केसांचा गज तारेवर घासून ज्या वाद्यांतून स्वर काढला जातो, त्यांना गजवाद्ये म्हणतात. केसांना राळ लावलेली असते. त्यामुळे तार गजाला क्षणभर चिकटते, ओढली जाते व निसटते. व्हायोलिनच्या 'ए' तारेवर ही क्रिया सेकंदाला सुमारे 440 वेळा घडते. सतार किंवा गिटारची तार छेडल्यानंतर नाद क्रमाने विरत जातो. गजवाद्यात मात्र गज चालू असेपर्यंत स्वर टिकतो. तो वाढवणे, घटवणे किंवा मध्येच तोडणे वादकाच्या हाती असते. दीर्घ स्वर आणि त्याच्या तीव्रतेवरील नियंत्रण या दोन गुणांमुळे ही वाद्ये मानवी कंठाच्या सर्वांत जवळची मानली जातात.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील स्थान :

व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास ही चार वाद्ये मिळून एक कुटुंब होते. व्हिओला व्हायोलिनपेक्षा पाच स्वरांनी खाली, चेलो व्हिओलापेक्षा एक सप्तक खाली आणि डबल बास त्याहूनही खाली उतरतो. एकाच जातीचा नाद मंद्रापासून तारापर्यंत अखंड मिळतो, हे वैशिष्ट्य अन्य वाद्यसमूहांत इतक्या सहजपणे आढळत नाही. मोठ्या वाद्यवृंदात साधारणतः 16 पहिली व्हायोलिन, 14 दुसरी व्हायोलिन, 12 व्हिओला, 10 चेलो व 8 डबल बास, म्हणजे एकूण 60 गजवाद्ये असतात.

एवढी संख्या केवळ आवाज वाढवण्यासाठी नसते. सोळा व्हायोलिन एकत्र वाजली तरी एका व्हायोलिनच्या तुलनेत ध्वनीची पातळी सुमारे 12 डेसिबलनेच वाढते. खरा फरक नादाच्या पोतात पडतो. सोळा वादकांच्या स्वरांत अतिसूक्ष्म अंतर राहते आणि त्यातून एकट्या वाद्याला अशक्य असा विस्तीर्ण, मृदू ध्वनी निर्माण होतो. हा परिणाम साधण्यासाठी सर्वांचे गज एकाच दिशेने चालावे लागतात. ही शिस्त लावण्याचे काम पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख वादक करतो.

मराठी परंपरेतील गजवाद्ये :

महाराष्ट्राला गजवाद्ये नवीन नाहीत. गोंड समाजाचे गाथागायक प्रधान किंगरीच्या साथीने कथागायन करीत आले आहेत. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून बहरलेल्या संगीत रंगभूमीवर सारंगीला मानाचे स्थान मिळाले. बालगंधर्वांच्या गायनाला कादरबक्ष यांची सारंगी व अहमदजान थिरकवा यांचा तबला लाभला होता. मात्र येथे सारंगी एकच असे. गायकाच्या पाठोपाठ जाऊन त्याच्या हरकती तत्काळ उमटवणे हे तिचे काम होते, आणि असे अनुसरण एकट्यानेच शक्य असते. शिवाय सारंगीच्या तरफा रागानुसार जुळवाव्या लागतात. त्यामुळे वारंवार आधारस्वर बदलणाऱ्या समूहरचनेत ती सहज सामावत नाही. व्हायोलिनला तरफांचे हे बंधन नाही. पडदे नसल्याने मींडही त्यावर काढता येते.

गोवा व मुंबईचा वारसा :

पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई. तेथे तयार झालेले वादक उपजीविकेसाठी मुंबईत आले. मुंबईत 1935 मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. तरीही वादकांना नियमित काम मिळाले ते चित्रपटसृष्टीत. संगीतकार चाल गाऊन दाखवत आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्यगटासाठी स्वतंत्र भाग लिहीत. कागद समोर येताच वाजवू शकणारे वादक असल्यामुळेच ही पद्धती शक्य झाली.

माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (1927-2012) यांनी या कामाला वैचारिक बैठक दिली. 1958 मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून त्यांनी रागसंगीत व वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. हा प्रयत्न केवळ मिश्रणाचा नव्हता. राग एकरेषीय असतो, तर वाद्यवृंदाची रचना अनेक स्वररेषांच्या सहअस्तित्वावर उभी असते. सर्व व्हायोलिननी एकच मींड एकाच वेळी घ्यावी, तर ती नेमकी कोठून सुरू होते व किती काळ चालते हे लिहून ठरवावे लागते. गायकाच्या क्षणिक स्फूर्तीवर सोडलेली गोष्ट येथे सामूहिक निर्णयाचा विषय होते.

1980 नंतर सिंथेसायझर व बहुमार्गी ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाला. प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करता येऊ लागल्याने मोठ्या समूहाची गरज ओसरली. काम संपले तसे ते शिकण्याचे प्रयोजनही उरले नाही. 2006 मध्ये मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हा वादकांचा मोठा भाग परदेशातून आणावा लागला. एकेकाळी शेकडो वादक पुरवणाऱ्या प्रदेशाची ही स्थिती विचारप्रवृत्त करणारी आहे. 2012 पासून याच संस्थेने लहान मुलांसाठी अकादमी सुरू केली, तर गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांना ही वाद्ये शिकवते.

निष्कर्ष :

1. दीर्घ, नियंत्रित स्वर आणि सर्व सप्तकांतील एकजिनसी नाद यांमुळे गजवाद्ये वाद्यवृंदाचा पाया ठरली.

2. मराठी रंगभूमीवरील सारंगी व चित्रपटातील व्हायोलिनसमूह यांची भूमिका भिन्न होती. पहिली अनुसरणाची, दुसरी पूर्वनियोजित सहवादनाची.

3. समूहवादनाची परंपरा वाद्यांच्या अभावी नव्हे, तर शिक्षण व रोजगार यांची साखळी तुटल्याने क्षीण झाली. यंत्र व्हायोलिनचा ध्वनी पुरवू शकते. एकमेकांचे ऐकून गज चालवण्याची सवय मात्र पुरवू शकत नाही. ती लहानपणी, समूहात आणि अनेक वर्षांच्या सरावातूनच येते. म्हणून महाविद्यालयीन संगीत विभागांनी एकल वादनाबरोबर समूहवादनालाही अभ्यासक्रमात स्थान देणे अगत्याचे आहे.