पोहरादेवी : तांड्यांनी जपलेला वारसा

क्षेत्र : मौजे पोहरादेवी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांमुळे बंजारा समाज या क्षेत्रास आपली काशी मानतो.

संत : सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानला जातो, त्या दिवशी तांड्यातांड्यांतून जयंती साजरी होते.

वास्तू : नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लोकार्पित झाले. त्यात १३ दालने आहेत.

यात्रा : रामनवमीस महाराष्ट्रासह कर्नाटक, तेलंगण व आंध्र येथूनही भाविकांचा महासागर लोटतो.

लोकसेवा : बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखोमुलुख हिंडलेल्या, १८७१ च्या कायद्याने पुढे गुन्हेगार जमातींच्या यादीत दाखल केल्या गेलेल्या, आणि १९५२ साली त्या कलंकातून विमुक्त झालेल्या या समाजाची गोरबोली स्वतंत्र लिपीवाचून पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिली, म्हणून होळीची लेंगी गाणारे कंठ, आरसे व कवड्यांनी वस्त्रे मढविणारे वृद्ध हात, आणि तांड्याचा न्यायनिवाडा करणारे नायक व कारभारी हेच या वारशाचे खरे दप्तरदार होत. शासनाच्या खजिन्यातून भिंती उभ्या राहतात. परंतु त्या भिंतींत प्राण ओतण्याचे पुण्यकर्म अशा निर्वेतन, निःस्वार्थ सेवेकऱ्यांकडूनच घडते, आणि त्यांचे ऋण आपण कृतज्ञतेने मानले पाहिजे.