बीज जुनं, शुक्राणू ताजा

जन्माला आलेल्या बाळाचं वय आपण शून्यापासून मोजतो. पण ज्या स्त्रीबीजातून ते घडलं, ते त्याच्या आईपेक्षाही काही महिन्यांनी जुनं असतं! मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा होतो, तेव्हाच तिच्या अंडाशयांत ६०-७० लाख बीजं तयार असतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजातून आलात, ते तुमच्या आजीच्या पोटात तयार झालं होतं.

जन्मापर्यंत त्यांतली १०-२० लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम ४००-५००. तोवर प्रत्येक बीजाचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि कोहेसिन नावाची प्रथिनं त्यातली गुणसूत्रं धरून ठेवतात. वर्षानुवर्षांनी ही पकड सैल होते आणि गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. अशाच चुकीतून उद्भवणाऱ्या डाऊन सिंड्रोमची शक्यता आई विशीची असताना साधारण दीड हजारांत एक असते, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. म्हणजे चाळिशीलाही शंभरातल्या ९९ बाळांना तो नसतोच.

बापाचा हिशेब उलटा. शुक्राणू अडीच महिन्यांत नवा तयार होतो. पण त्याच्या मूळ पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात आणि नक्कल करताना चुका साठत जातात. २०१२ साली आइसलँडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात दिसलं, की बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवे जनुकीय बदल वाढतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही मात्र नसतात.

मग बाळंतपण लवकर उरकावं? विशीच्या आत आईचं शरीर स्वतःच वाढत असतं. वाढता रक्तदाब, रक्तक्षय, कमी वजनाचं बाळ हे धोके तेव्हा जास्त. विशी ओलांडल्यावरची वर्षं शरीराला सोयीची, जागरणं झेपतात, आजी-आजोबाही धडधाकट असतात. पण नेमकी तेव्हाच शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते यांची ओढाताण. चाळिशीत हातात पैसा आणि अंगात धीर असतो. मात्र रक्तदाब-मधुमेहाची जोखीम वाढते आणि मुलाचं कॉलेज व आपली निवृत्ती एकदमच दारात येतात.

वयाच्या या कोंडीत विज्ञानानेही हात घातला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या याच तंत्राने आणखी एक नवल दाखवलं: चाळिशीतल्या स्त्रीला तरुण दात्रीचं बीज दिलं, तर गर्भ राहण्याची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. गर्भाशय बीजाइतक्या लवकर म्हातारं होत नाही! म्हणूनच बीज तरुणपणी गोठवून ठेवण्यात अर्थ असतो. मूल होण्याची हमी त्यात नाही, पण तिशीत गोठवलेलं बीज चाळिशीतही तिशीचंच राहतं. त्यातून आलेल्या मुलामागे धावायला गुडघे मात्र चाळिशीचेच मिळतात.