फळीवरून समुद्र (७) : लाट किती सेकंदांची?

बोर्डवर उभं कसं राहायचं ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. गुहागरच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांच्या प्रश्नाला चार ओळींत उत्तर देणं मला पटत नाही. ते लिहितात : मे महिन्यात वारा पडलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, अमावास्या-पौर्णिमाही जवळ नसते, आणि तरी एखाद्या सकाळी किनाऱ्यावर दणदणीत लाटा फुटू लागतात. दोन-तीन दिवस तसंच चालतं. या लाटा येतात कुठून?

आपल्याकडे लाटा म्हटलं की पहिली आठवण उधाणाची होते. पण उधाण म्हणजे भरती चढणं. ते चंद्र-सूर्याचं काम. सर्फिंगची लाट ही वाऱ्याची निर्मिती, आणि तो वारा आपल्या गावात वाहिलेला असायलाच हवा असं मुळीच नाही. मे महिन्यातल्या त्या लाटा बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरातून निघालेल्या असतात. तिथे ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान समुद्र पृथ्वीला वळसा घालतो आणि वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं : वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला. त्या भागात तिन्ही गोष्टी मुबलक. आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा तिकडे हिवाळा जवळ आलेला असतो, वादळांचा जोर वाढू लागतो.

वादळातून बाहेर पडताना लाटा सगळ्या मापांच्या असतात, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. पण खोल पाण्यात दोन लाटांमधलं अंतर जितकं जास्त सेकंदांचं, तितका त्या लाटांचा वेग जास्त. १५ सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशी सुमारे ४२ किलोमीटरने सरकतो, १० सेकंदांचा ताशी २८ ने. पंढरीच्या वाटेवर एकाच गावातून निघालेली माणसं आपापल्या चालीप्रमाणे पांगत जातात, तशा या लाटा पांगतात. दक्षिणेतल्या त्या वादळांपासून कोकण साधारण ७,००० किलोमीटर. म्हणजे १५ सेकंदवाल्या लाटा आठवड्याभरात पोचतात, १० सेकंदवाल्यांना दहा दिवस लागतात. किनाऱ्यावर बसून जो रोज लाटा मोजेल त्याला दिसेल की पहिल्या दिवशी लाटा लांब अंतराने येत होत्या आणि दिवसागणिक ते अंतर कमी होत गेलं. हा उतार किती झपाट्याने होतो यावरून वादळ किती लांब होतं याचा हिशेबसुद्धा मांडता येतो.

हा हिशेब ज्यांनी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने तडीला नेला त्या समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटांचा अंदाज हवा, म्हणून समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप आणि मंक यांनी त्या अंदाजाची पद्धत बसवली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्या वेळी ती वापरली गेली. पुढे मंक यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटाजवळ उपकरणं ठेवली आणि नोंदींवरून मागे मागे जात काही लाटांचा उगम थेट हिंदी महासागरात गाठला. आपल्या या समुद्रात! १९६३ मध्ये त्यांनी प्रशांत महासागर ओलांडून मापन केंद्रांची रांगच उभी केली : न्यूझीलंड, सामोआ, पामायरा, हवाई आणि अगदी उत्तरेला अलास्कातलं याकुटाट. हवाई आणि अलास्का यांच्यामध्ये बेट नव्हतं, म्हणून तिथे ‘फ्लिप’ नावाचं जहाज नेलं. हे जहाज १०८ मीटर लांब. टाक्यांत पाणी भरलं की ते आडव्याचं उभं होई आणि बराचसा भाग पाण्याखाली जाऊन वरच्या लाटांत स्थिर राही. मंक स्वतः सहकुटुंब सामोआत मुक्कामाला होते. दक्षिणेत वादळ झालं की त्याच लाटा एकामागून एका केंद्रावर उमटताना ते पाहत. निष्कर्ष थक्क करणारा होता : वादळाचा परिसर सोडल्यानंतर लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटरच्या प्रवासात फारच थोडी शक्ती गमावतात. वाटेतले व्यापारी वारेही त्यांना फारसे मोडू शकत नाहीत. मंक १०१ वर्षं जगले, २०१९ मध्ये गेले. लाटेवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता नवशिक्याच्या कामाचं. लाटांच्या अंदाजात दोन आकडे असतात, उंची आणि पीरिअड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. सगळे उंची पाहतात. मी आधी सेकंद पाहायला सांगतो. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि सेकंदांच्याही प्रमाणात. एक मीटर उंच, ६ सेकंदांची लाट खोल समुद्रात दर मीटर रुंदीमागे साधारण ३ किलोवॅट शक्ती वाहून आणते. तेवढीच उंच पण १४ सेकंदांची लाट ७ किलोवॅट. त्यातून लांब पल्ल्याची लाट उथळ पाण्यात शिरताना जास्त उंचावते. म्हणजे कागदावर दोन्हीकडे ‘एक मीटर’ लिहिलेलं असलं तरी फुटताना त्या सारख्या नसतात.

मोजणं सोपं आहे. पाण्यातली एखादी स्थिर खूण धरा, खडक किंवा बोया. पहिला माथा तिथून गेला की घड्याळ सुरू करा, पुढचे दहा माथे जाऊ द्या, आलेल्या वेळेला दहाने भागा. सहा ते नऊ सेकंद आणि कंबरेखालची लाट असेल तर फोमबोर्ड घेऊन खुशाल फेसात शिरा. बारा-चौदाच्या वर आकडा गेला तर वाळूवरच थांबा आणि निदान वीस मिनिटं नुसतं बघा. अशा लाटा गटाने येतात, त्याला सर्फर ‘सेट’ म्हणतात. दोन सेटच्या मध्ये समुद्र दहा-दहा मिनिटंही शांत वाटतो आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच आत जातो. सेटने किनाऱ्याशी आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट काढतं. जिथे लाटा कमी फुटतात तिथून ते ओढीने बाहेर जातं. म्हणून ‘शांत’ पट्टा दिसला की तिथेच उतरू नका. केरळात अशा न बोलावता येणाऱ्या लाटांना मच्छीमार कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे आधी देते, ते वाचायची सवय लावून घ्या.

कोकणाचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे समुद्राचा तळ हळूहळू खोल होत जातो. केरळासमोर ही उथळ पायरी ५०-६० किलोमीटरची, मुंबईसमोर ३०० च्या आसपास. १५ सेकंदांच्या लाटेला १७५ मीटर खोलीवरच तळ जाणवू लागतो, त्यामुळे एवढ्या लांब पायरीवर तिची काही शक्ती घासून जाते. शिवाय हिवाळ्यात अरबस्तानाकडून वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्याला लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या मोजल्या आहेत. या कमी सेकंदांच्या लाटा शिकणाऱ्याला मानवतात. पावसाळा मात्र पूर्ण वर्ज्य, त्यात तडजोड नाही.

वेळ सकाळचीच निवडा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, तो येणाऱ्या लाटेचं तोंड जरा वेळ उभं धरतो आणि पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की किनाऱ्याजवळ तीन-चार सेकंदांच्या चिल्लर लाटा उठतात आणि चांगल्या लाटांची घडी विस्कटून जाते. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला पाण्याशी पोचा, दहाच्या आत बाहेर या.