मुखवट्याचा भाव

जॉन्स्टन मॅकली यांनी १९१९ साली झोरो लिहिला आणि पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सने तो पडद्यावर आणला. झोरो म्हणजे स्पॅनिशमध्ये कोल्हा. दिवसा गुळमुळीत जमीनदारपुत्र. रात्री मुखवटा चढवून कॅलिफोर्नियातल्या जुलमी अंमलदारांना वठणीवर आणणारा तलवारबहाद्दर.

आता त्याच्या संग्राह्य बाहुल्या निघतात. सहा फुटी नायक एका फुटात! पुतण्याने अशी एक घेतली आणि तारणांच्या किमती ठरवण्यात हयात गेलेल्या मला विचारले, "काका, खोका उघडू का? उघडला की भाव उतरतो."

खोक्याच्या पारदर्शक झाकणातून मी चेहरा न्याहाळला. मुखवट्याने अर्धा झाकला की साम्य उरते ते डोळ्यांत, जिवणीत आणि हनुवटीत. ते साधले होते. पण अंगरख्याचे काय? एवढ्याशा खांद्यावर जाड कापड पोत्यासारखे ताठ राहते. ते पातळ हवे, सहज पडायला हवे. आणि मनगट? ते वळत नसेल तर तलवार नुसती काडी. या दोन्ही गोष्टी हाताळल्याशिवाय कळत नाहीत.

बाजार मात्र न हाताळलेल्या वस्तूलाच जास्त भाव देतो, हीच यातली गंमत. म्हणून माझा शेरा एवढाच: तारण हवे असेल तर सील जपावे, झोरो हवा असेल तर खोका उघडावा.