वापरकर्ता-गट, परिचालन प्रणालीतील
ज्या वापरकर्त्यांना संगणकावरील विशिष्ट फाइली व साधने वापरण्याची अनुज्ञा एकत्रितपणे दिलेली असते, त्यांच्या समूहाला वापरकर्ता-गट म्हणतात. ही कल्पना यूनिक्स या परिचालन प्रणालीत रूढ झाली. तीत प्रत्येक फाइलीसाठी मालक, गट व इतर अशा तीन पातळ्यांवर वाचणे, लिहिणे व चालविणे यांची अनुज्ञा नोंदविलेली असते. आरंभी वापरकर्ता एका वेळी एकाच गटात गणला जाई, ४.२ बीएसडी (१९८३) या आवृत्तीपासून त्याला एकाच वेळी अनेक गटांचे सदस्यत्व मिळू लागले. लिनक्सने हीच पद्धत स्वीकारली.

सदस्यत्वाचा पाया प्रणालीच्या स्थापनेच्या वेळीच घातला जातो. डेबियन लिनक्समध्ये पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक व त्याच्याच नावाचा एक स्वतंत्र गट मिळतो; हा त्याचा प्राथमिक गट होय. याशिवाय ध्वनी, चित्र, काढघालीच्या तबकड्या इत्यादींच्या गटांत त्याची भर पडते. डेबियन १२ (२०२३) मध्येही या यादीत फ्लॉपीचा गट आहे. फ्लॉपी बसविलेला नवा संगणक मात्र तोवर दुर्मिळ झाला होता.

खरा निर्णय सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याच्या परवलीच्या शब्दाशी होतो. ती जागा रिकामी ठेवल्यास रूट खाते बंद राहते व पहिला वापरकर्ता ‘सुडो’ गटात जातो, म्हणजेच प्रशासक बनतो. शब्द भरल्यास तो त्या गटात जात नाही आणि पुढे त्याचे प्रशासकीय आदेश नाकारले जातात. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो येथेच. फेडोरात हे काम ‘व्हील’ गट करतो. फ्रीबीएसडीतही ‘सू’ या आदेशाने रूट होण्यासाठी ‘व्हील’चे सदस्यत्व लागते.

गटाचे नाव साधे दिसले, तरी त्यामागील सत्ता साधी असेलच असे नाही. ‘डिस्क’ गटाचा सदस्य फाइलींवरील निर्बंध ओलांडून तबकडीवरील मजकूर थेट वाचू शकतो. ‘डॉकर’ गटाच्या सदस्याला संगणकाची संपूर्ण फाइलव्यवस्था आपल्या ताब्यात घेता येते. म्हणून या गटांत कोणालाही केवळ सोयीखातर घालणे म्हणजे त्याला रूटचे अधिकार देणेच होय.

स्थापनेनंतर केलेला बदल पुढच्या प्रवेशापासून लागू होतो. ‘यूजरमॉड’ आदेशात नव्या गटासोबत ‘जोडावे’ असा पर्याय दिला नाही, तर त्या वापरकर्त्याचे जुने पूरक गट पुसले जातात. रूट खाते बंद असताना एकमेव प्रशासकाचे ‘सुडो’ सदस्यत्व असे गेले, तर सामान्यतः दुसऱ्या माध्यमावरून संगणक सुरू करून गटांची फाइल हाताने दुरुस्त करावी लागते.