शिक्षकांचे शिक्षक

परदेशीं जाऊन विनामोबदला शिक्षक घडवावयाचे, हा बेत ऐकावयास मोठा गोड. पण त्याची कसोटी कशी लागते तें आम्हांस सारावाकच्या हकीकतींत दिसलें. बोर्निओ बेटावरील, एके काळीं ब्रूक राजांचें असलेलें हें संस्थान आज मलेशियांत मोडतें. तेथें कुचिंग शहरानजीक बाटू लिन्तांग येथें महायुद्धांत जपान्यांची बंदिछावणी होती. जेथें कैदी अन्नावांचून झुरले, त्याच आवारांत पुढें अध्यापनविद्यालय उघडलें आणि खेड्यांतील तरुण हातीं खडू घेऊं लागले !

या विद्यालयाचे एक प्राचार्य जॉन विल्सन हे स्कॉटिश गृहस्थ. पुढें ते पद सोडून बुडू या दुर्गम भागीं इबान लोकांत जाऊन राहिले. इबान मंडळी नदीकांठीं एकाच लांबलचक घरांत शेजारीं शेजारीं बिऱ्हाडें थाटून राहतात. अशा घरांत वडीलधाऱ्यांस वगळून बाहेरच्या शहाण्याचें कितपत चालतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे.

१९५८ सालीं अलेक व मोरा डिक्सन या दांपत्यानें इंग्लंडांत ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था काढली. अलेक यांचे बंधु सारावाकांतच शिक्षणखात्यावर होते. आरंभींचे कांहीं स्वयंसेवक तिकडेच गेले. नुकतीं शाळेंतून सुटलेलीं पोरें तीं ! उत्साह दांडगा, पण शिक्षकास शिकविण्याची विद्या त्यांजपाशीं कोठून असावी? पुढें संस्था पदवीधर व अनुभवी माणसें निवडूं लागली, हें आमच्या मतें योग्यच झालें.

बाटू लिन्तांगला शिक्षक आजही तयार होतात.